खान्देशात बेताच्या पैशात लक्षात राहील असं जेवण: आधी मोसम, मग फोन, मग हॉटेल

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत रस्त्याकडेला हॉटेलांना तोटा नाही. पण बहुतेकांचं मेनूकार्ड पुण्या-नाशकातलंच असतं: पनीर, काजू करी, डाळ तडका, जिरा राईस. ज्यासाठी वाट वाकडी करून इथे यावं ते भरीत, कळण्याची भाकरी, वरण-बट्टी, खापरावरचे मांडे आणि डुबुकवडे (तिखट रश्शात सोडलेले बेसनाचे वडे) कार्डावर नसतात. असले तरी वेटर म्हणतो, 'आज नाही.'

त्याचंही बरोबर असतं. भरताचं वांगं काड्यांवर भाजून, सोलून, कुटायला तास जातो. बट्टी वाफवून, गार करून, कापून तळेपर्यंत दोन तास. मांडे तर ते हातावर पेलणारी बाई त्या दिवशी असेल तरच. दोन पाहुणे येतील न येतील या भरवशावर हे कुणी मांडून बसत नाही. म्हणून इथे चांगलं जेवण मिळणं पैशापेक्षा तीन गोष्टींवर ठरतं: तुम्ही कोणत्या महिन्यात आलात, आदल्या दिवशी सांगितलंत का, आणि दिवसाच्या कोणत्या वेळी पानावर बसलात. हे जमलं तर मध्यम खर्चात जेवाल ते महागड्या हॉटेलातही मिळणार नाही.

पैसे एका जेवणावर लावा

दिवसात दोन मोठी जेवणं ठरवणं ही प्रवाशांची सगळ्यात नेहमीची चूक. खान्देशी स्वयंपाकात तेल सढळ, मसाला जड आणि डाळी भरपूर. दुपारी बट्टी खाल्लेल्या माणसाला रात्रीची शेवभाजी आवडणार नाही, मग दोष शेवभाजीला दिला जाईल. एका दिवसाला एकच मोठं जेवण धरा आणि निम्म्याहून जास्त पैसे त्याच्यावर लावा.

माणशी दिवसाचे 600 रुपये जेवणखाणासाठी बाजूला काढले असतील तर वाटणी साधारण अशी ठेवा: सकाळी पोहे किंवा भजी आणि चहा 80, मोठं जेवण 320, दुसरं हलकं जेवण 120, उरलेले 80 ताक, केळी, उसाचा रस यांना. हे हॉटेलांचे दर नव्हेत, तुमची वाटणी आहे. मटणाच्या दिवशी मोठ्या जेवणाचा आकडा दीडपट धरा आणि आदल्या दिवशी खिचडी-कढीवर भागवा. तुरीच्या डाळीची खिचडी, वर लसूण-लाल मिरचीची फोडणी किंवा नुसतं कच्चं तेल, सोबत पापड आणि कढी. हे स्वस्त आहे, पोटाला सोसतं आणि रात्री साडेनऊलाही गरम मिळतं.

मोठं जेवण दुपारी की रात्री, हे उन्हावर ठरवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी दुपारी. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांपर्यंत जातो. त्या दिवसांत दुपारी ताक, पन्हं आणि वरण-भात एवढंच, बाकी सगळं सूर्य मावळल्यावर. ढाब्यांची मजाही तेव्हाच असते, बाहेर खाटा टाकतात, पाणी मारलेल्या जमिनीवर बसता येतं.

महिना कोणता, त्यावर मागणी

भरताचा मोसम थंडीचा. वांगी दिवाळीच्या आगेमागे चांगली यायला लागतात आणि फेब्रुवारीपर्यंत टिकतात. चातुर्मासात वांगं-कांदा सोडलेली घरं चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून ते पुन्हा सुरू करतात. तिथून पुढे संक्रांतीपर्यंत भरीत विकणाऱ्यांकडे झुंबड असते. मे महिन्यात 'भरीत मिळेल' अशी पाटी दिसली तरी वळू नका. उन्हाळी वांग्यात बिया जास्त, गर कमी आणि चव कडसर.

डिसेंबर-जानेवारीत हुरडाही असतो आणि बाजरीची भाकरी मागण्याचे दिवसही हेच. मार्चमध्ये अंगणांत आणि गच्च्यांवर बिबडे (ज्वारीचे पापड), कुरडया वाळत पडतात. ताज्या बिबड्यासाठी हीच वेळ. एप्रिल-मे म्हणजे आखाजीचे, म्हणजे अक्षय तृतीयेचे दिवस: आमरस, पुरणपोळी, सांजोऱ्या, रशी (तिखट पातळ आमटी). आखाजीच्या ऐन दिवशी मात्र हॉटेलात काही मागू नका. स्वयंपाकी घरी गेलेले असतात, सासरवाशिणी माहेरी आलेल्या असतात आणि बाजार अर्धा बंद असतो. दोन-तीन दिवस आधी किंवा नंतर या.

पावसाळ्यात सातपुड्याच्या बाजूला, म्हणजे शहादा, धडगाव, यावल, रावेर, चोपड्याकडे, आठवडे बाजारात रानभाज्या येतात. कर्टुली दिसली तर पाव किलो विकत घ्या आणि खानावळीत करून मागा, करणावळ घेऊन बहुतेक जण करून देतात. श्रावणात मटणाच्या हॉटेलांकडे गिऱ्हाईक आटतं, तेव्हा महिनाभर शाकाहारच धरा.

आदल्या दिवशीचा फोन

फोन कुणाला करायचा हे आधी. नकाशाच्या ॲपवरचे तारे फारसे कामाचे नाहीत, गिऱ्हाइकांनी टाकलेले फोटो बघा. फोटोत भाकरी, हिरवट भरीत, काळपट रस्सा दिसला तर नंबर लिहून घ्या. लाल-केशरी ग्रेव्ही आणि वर क्रीमची नक्षी दिसली तर सोडा. दुसरा मार्ग म्हणजे लॉजचा मॅनेजर, रिक्षावाला, किराणा दुकानदार. त्यांना 'चांगलं हॉटेल कुठे आहे' असं विचारलंत तर ते तुम्हाला एसी असलेल्या ठिकाणी पाठवतील, कारण पाहुण्याला तेच आवडतं असा त्यांचा समज असतो. 'तुमच्या घरी पाहुणे आले तर भरीत कुठून आणता?' असं विचारा. उत्तर लगेच बदलतं.

फोनवर चार गोष्टी स्पष्ट सांगायच्या: माणसं किती, वेळ कोणती, पदार्थ कोणते आणि किती, तिखट किती. 'काहीतरी खान्देशी बनवा' म्हटलं की शेवभाजी आणि पापड येतो. असं बोला:

'मावशी, उद्या दुपारी एक वाजता चार माणसं येतोय. भरीत एक किलो, कळण्याच्या दहा भाकरी, मिरच्या वेगळ्या ठेवा, तेल बेताचं. काड्यांवर भाजाल ना? आगाऊ किती पाठवू?'

आगाऊ पैसे स्वतःहून विचारणं महत्त्वाचं. दोनशे रुपये पाठवले की तुमची ऑर्डर खरी धरली जाते, नाहीतर सकाळी गर्दी झाली की पहिली तीच गळते. आणि निघताना पुन्हा एकदा फोन करा, कारण भाकऱ्या तुम्ही पोचायच्या वेळी थापायला घेतलेल्या बऱ्या.

मापं लक्षात ठेवा. तयार भरीत माणशी पाव किलो पुरे होतं. कच्चं वांगं भाजून, सोलून, पाणी निथळलं की वजनाच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास गर उरतो, म्हणजे किलोभर भरतासाठी दीड किलो वांगी. तुम्ही वांगी नेऊन दिली तर याच हिशेबाने न्या. कळण्याच्या भाकरी माणशी अडीच. मटण हाडासकट किलोला चार जण, रस्सा पिणारे असतील तर पाच. बट्टी माणशी दोन. तीन सांगितल्या की अर्ध्या ताटात राहतात.

कुठे बसायचं

फोन न करता वाटेत थांबायचं असेल तर बाहेर लागलेल्या गाड्यांच्या पाट्या बघा. एमएच 19 जळगाव, 18 धुळे, 39 नंदुरबार. दुपारी एकच्या सुमाराला याच जास्त दिसत असतील आणि त्यांत दुचाकी असतील तर उतरा. नुसत्या 12 (पुणे) आणि 04 (ठाणे) च्या मोटारी आणि खाजगी बस दिसल्या तर तिथे चहा प्यावा आणि पुढे निघावं. बसवाल्या हॉटेलात रस्सा मोठ्या पातेल्यात सकाळीच होतो आणि दिवसभर पाणी घालून वाढवला जातो.

आत गेल्यावर बसायच्या आधी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जा. भाकरी थापताना दिसली पाहिजे, टोपल्यात रचलेली नव्हे. मग विचारा, 'दादा, जेवाले काय शे आज?' कार्ड न देता तोंडाने तीन-चारच पदार्थ सांगितले तर उत्तम. बाजार समिती, कोर्ट आणि एसटी स्टँडच्या मागच्या गल्ल्यांतल्या खानावळी याच जातीच्या. त्यांची वेळ साडेअकरा ते अडीच. पावणेतीनला पोचलात तर भांडी घासायला पडलेली असतात, आणि जे मिळेल ते उरलेलं असतं. ढाब्यांचं उलटं: दुपारी सुस्त, रात्री आठनंतर खरे.

शेवभाजी: सोपी वाटते म्हणून बिघडते

बिनफोनचं, बिनमोसमाचं, बारा महिने कुठेही मिळणारं जेवण म्हणजे शेवभाजी. नीट झाली तर हीच सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात लक्षात राहणारी.

रस्सा काळ्या मसाल्याचा. कांदा निखाऱ्यावर किंवा तव्यावर काळा होईतो भाजलेला, सुकं खोबरं भाजलेलं, आलं, लसूण, कोथिंबीर, आणि लवंग, मिरी, दालचिनी, दगडफूल असा खडा मसाला. हे सगळं बारीक वाटून तेल सुटेपर्यंत परतायचं असतं. घाईत परतलेलं वाटण ओळखू येतं: रस्सा फिका तपकिरी दिसतो, कच्च्या कांद्याची गोडसर चव येते आणि तेल वर न येता रश्शात मिसळून राहतं. काही जण काळेपणा भाजण्यातून न आणता तयार मसाल्याची पूड जास्त घालून आणतात, त्याने घशाशी कडवट लागतं.

शेव जाड, घट्ट, ओवा आणि तिखट घातलेली. सोडा जास्त पडलेली हलकी शेव रश्शात पडली की दोन मिनिटांत पिठलं होतं. चांगली शेव उकळत्या रश्शात वाढायच्या क्षणी पडते आणि पाच-सात मिनिटं दाताखाली राहते. म्हणून ऑर्डर देताना एवढंच सांगा: 'शेव वेगळी आणा, रस्सा उकळता आणा.' वेटरला यात नवल वाटत नाही. वाटलंच तर समजा की तिथे शेव आधीच भिजवून ठेवलेली आहे. अर्धी शेव आता, अर्धी जेवण निम्मं झाल्यावर.

दोघांना एक फुल प्लेट पुरते, कारण रस्सा बहुतेक ढाब्यांवर पुन्हा वाढतात. तो फुकट आहे की पैसे पडतात हे आधी विचारा, बिलावरची बरीच कटकट त्यावरूनच होते. सोबत ज्वारीची भाकरी किंवा पोळी, कांदा, लिंबू. तंदुरी रोटी मागू नका, मैद्याची रोटी रस्सा ओढत नाही आणि गार झाली की चिवट होते. भाकरी कुस्करून रश्शात भिजवायची आणि वर शेव, असंच इथे खातात.

भरीत

जळगावच्या भरताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. वांगं मोठं, फिकट हिरवं, त्यावर पांढरे पट्टे, बिया अगदी कमी. जळगावजवळचं आसोदा आणि यावल तालुक्यातलं बामणोद ही त्याची नावाजलेली गावं. जांभळ्या वांग्याचं भरीत हा वेगळा पदार्थ आहे, वाईट नव्हे, पण त्यासाठी इथवर यायची गरज नाही.

भाजणी कपाशीच्या किंवा तुरीच्या वाळल्या काड्यांवर. जाळ मोठा आणि थोडाच वेळ टिकतो, म्हणून साल करपतं आणि गराला धूर लागतो. गॅसवर भाजलं की मऊपणा येतो, धूर येत नाही. मग गर लाकडी बडगीत कुटतात. हिरव्या मिरच्या आणि लसूण भाजून किंवा तळून त्यातच ठेचलेले, कांद्याची पात, कोथिंबीर, तळलेले अख्खे शेंगदाणे, खोबऱ्याचे काप. हळद नाही, लाल तिखट नाही, टोमॅटो तर नाहीच. ताटात आलेलं भरीत लालसर दिसलं तर ते पंजाबी बनावटीचं आहे, खा आणि विसरा.

मोसमात जळगावात भरीत किलोवर विकणारी केंद्रं लागतात. दोन-तीन जणांसाठी हाच मार्ग परवडतो: अर्धा-पाऊण किलो तिथून घ्यायचं, भाकऱ्या खानावळीतून. बरेच जण पुरीबरोबर विकतात. तेलकट भरतावर तेलकट पुरी फार होते, निदान पहिल्या वेळी भाकरीच घ्या. संध्याकाळी सहा-सातला गेलात तर नव्याने कुटलेला घाणा मिळतो. दुपारी तीनला मिळतं ते सकाळचं, आणि कांद्याची पात चिरून पाच-सहा तास झाले की उग्र वास मारते.

कळण्याची भाकरी म्हणजे ज्वारी आणि साल असलेले अख्खे उडीद एकत्र दळून, मीठ घालून. प्रमाण घरोघरी बदलतं, चारास एक हे साधारण. उडीद वाढला की भाकरी काळपट आणि चिकट होते, कमी पडला की नुसती ज्वारी लागते. ही भाकरी गरमच खायची. गार झाली की कडक होते, म्हणून दहा सांगितल्या तरी चार-चार करून मागवा. वर कच्चं शेंगदाणा तेल आणि ठेचा मागितला तर कुणी नाही म्हणत नाही.

वरण-बट्टी आणि मांडे

लग्नाकार्यात, भंडाऱ्यात बट्टी ठरलेली. गव्हाचं रवाळ पीठ, ओवा, हळद, मीठ, तेलाचं मोहन. घट्ट मळून गोळे करतात, ते उकडून किंवा वाफवून गार करतात आणि कापून तळतात. पूर्वी गोवऱ्यांवर भाजत, काही गावांत अजूनही भाजतात. भाजलेली मिळाली तर तीच घ्या. सोबत साधं तुरीचं वरण, तूप आणि वांग्याची घोटलेली भाजी. बट्टी हाताने पूर्ण कुस्करायची, वरण एकदम न ओतता थोडं-थोडं जिरवायचं. वाफ कमी बसलेली बट्टी आत पांढरी, पिठूळ राहते. तशी आली तर परत पाठवा, बिनधास्त. बट्टी दुपारची, आणि त्यानंतर दोन तास गाडी चालवायची नाही असं वेळापत्रक ठेवा. झोप येतेच.

मांड्यांसाठी हॉटेलापेक्षा बचत गटांची हिवाळी प्रदर्शनं, जत्रेतल्या राहुट्या किंवा घरगुती ऑर्डर घेणाऱ्या बाया गाठा. पीठ पातळसर, लवचिक भिजवून खूप मळतात, दोन पाऱ्यांत पुरण भरतात आणि लाटी दोन्ही हातांवर फिरवत-फिरवत हातभर रुंद करून चुलीवर उपड्या घातलेल्या मातीच्या खापरावर टाकतात. फाटला तर तो मांडा गेलाच. त्यामुळे एका वेळी दहा-बाराची ऑर्डर असेल तरच चूल पेटते. तुम्ही दोघेच असाल तर लॉजमधल्या दुसऱ्या कुटुंबाला जोडीला घ्या. एक मांडा दोघांना पुरतो. सोबत उन्हाळ्यात आमरस, एरवी दूध-तूप, आणि तिखट रशी हवीच, नाहीतर तिसऱ्या घासाला गोडाचा कंटाळा येतो. ताजा मांडा मऊ असतो, दुसऱ्या दिवशी तो पापडासारखा होतो. तसाही दुधात चुरून चांगला लागतो.

मटण, कोंबडी आणि बाकीचं थोडक्यात

मटणाला वार बघा. रविवार, बुधवार, शुक्रवार या दिवशी कापणी आणि खप दोन्ही जास्त, माल ताजा. सोमवार, गुरुवार, शनिवार आणि एकादशीला खाणारे कमी, त्या दिवशी शिल्लक माल खपवला जाण्याची शक्यता जास्त. सुकं आणि रस्सा वेगळा मागा. काही ढाब्यांवर किलोच्या हिशेबाने करून देतात. तिथे मटण डोळ्यांसमोर वजन करून घ्या, भाकरी आणि भाताचे पैसे त्यात आहेत का विचारा, आणि दीड तास थांबायची तयारी ठेवा. पाऊण तासात आणलं तर एकतर ते आधीचं आहे, किंवा चिवट आहे.

डुबुकवडे, पातोडीचा (बेसनाच्या वड्यांचा) रस्सा, फौजदारी डाळ, कढी-फुणके (डाळीचे वाफवलेले मुटके), मिरचीची भाजी हे सगळं खानावळीत वाराप्रमाणे असतं. विचारल्याशिवाय कळत नाही. मिरचीच्या भाजीत तुरीची डाळ, वांगं, आंबट चुका, शेंगदाणे घोटलेले असतात, त्यामुळे नावाला घाबरू नका. गंगाफळाची (लाल भोपळ्याची) भाजी दिसली तर वाटीभर घ्या, तिखटाला तोच उतारा.

तिखट कसं सांगायचं

'मध्यम तिखट' या सांगण्याला इथे अर्थ नाही. वाटण आणि रस्सा आधी तयार असतो, त्यातली मिरची काढता येत नाही. स्वयंपाकी फार तर पाणी ओतेल, मग तिखट तेवढंच आणि चव गेलेली. त्याऐवजी 'तर्री काढून द्या' म्हणा. तिखटपणा आणणारा घटक तेलात विरघळतो, पाण्यात नाही. वरचं लाल तेल काढलं की बराच जोर जातो आणि मसाला जागेवर राहतो. याच कारणाने तिखट लागल्यावर पाणी पिऊन उपयोग होत नाही. दही, ताक, गूळ किंवा केळ खा. रावेर-यावल पट्ट्यात केळ्यांना काय तोटा! सकाळीच अर्धा डझन गाडीत टाका. लहान मुलांसाठी आधीच फोडणीचं नसलेलं वरण, भात आणि दूध-पोळी सांगून ठेवा.

तीन वाटा

जळगावहून अजिंठा साधारण 60 किलोमीटर. लेणी सोमवारी बंद असतात. फर्दापूरला पायथ्याशी पर्यटकांची हॉटेलं आहेत, तिथे नाश्ता करा, जेवण नको. लेणी सकाळी उरकून दुपारी परतीच्या वाटेवर पहूरच्या बाजूला साधी थाळी आणि संध्याकाळी जळगावात फोनवर सांगितलेलं भरीत, असं बसवा. दुसऱ्या दिवशी भुसावळ, मुक्ताईनगरकडे किंवा यावल-रावेरकडे गेलात तर बट्टीची ऑर्डर तिकडे द्या.

धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात, म्हणून ढाबे भरपूर आणि स्पर्धाही. सकाळी उन्हाआधी लळिंगचा किल्ला चढून उतरा आणि दुपारी काळ्या मसाल्याचं मटण, बाजरीची किंवा ज्वारीची भाकरी. शेवभाजीसाठी रात्रीचा धुळे-पारोळा-एरंडोल रस्ता धरा.

नंदुरबारला डिसेंबर-जानेवारीत गेलात तर शहराबाहेर लाल मिरच्यांच्या पथाऱ्या पसरलेल्या दिसतील. तिथला रस्सा रंगाने भडक, पण तिखट दर वेळी तेवढंच असेल असं नाही, चाखून मग मागा. तिखटाबरोबर गोडसर गुजराती वळणाची डाळही त्याच गावात मिळते. सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा दत्तजयंतीला तापीकाठी भरते. गर्दीत बसून जेवायचा हट्ट धरू नका, गोडी शेव, भजी, जिलबी उभ्यानेच खा आणि जेवायला शहाद्याला या. तोरणमाळला जाणार असाल तर वर खाण्याची सोय थोडी आहे. शहाद्याहून निघतानाच वर फोन करून किती माणसं येताहात ते सांगा आणि भाकरी-ठेचा बांधून घ्या. सातपुड्यात नेटवर्क दगा देतं, मोबाइलवरून पैसे जातीलच असं नाही. हजार-दीड हजार रोख, तेही सुट्टे, जवळ ठेवा.

बिल आणि पार्सल

बिलात भाकऱ्यांची संख्या तपासा, फरक पडतो तो तिथेच. साध्या हॉटेलात जीएसटी पाच टक्के. बिलावर 'कंपोझिशन' (लहान व्यावसायिकांसाठीची जीएसटी योजना) लिहिलं असेल तर ते गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेऊ शकत नाहीत. सेवा शुल्क सक्तीचं नसतं. त्यापेक्षा भाकरी थापणाऱ्या मावशींच्या हातात वीस-पन्नास रुपये द्या, दुसऱ्या दिवशीची ऑर्डर त्याच घेतात.

नेण्यासारखं म्हणजे कळण्याचं पीठ, बिबडे, काळा मसाला, नवापूरची तूरडाळ, धडगावकडचं आमचूर. पीठ दोन किलोपेक्षा जास्त घेऊ नका, उडदामुळे ते महिन्याभरात जुनाट लागायला लागतं. भरीत न्यायचंच असेल तर कांद्याची पात न घातलेलं मागा, थंडीत सहा-सात तासांच्या प्रवासाला टिकतं. शेवभाजीचा रस्सा स्टीलच्या डब्यात, पूर्ण गार करून, आणि शेव कागदी पुडीत निराळी. घरी रस्सा खळखळून उकळला की गॅस बंद करायचा आणि मगच शेव टाकायची.